आधी बेकन, मग कांदा

"बेकन आणि कांदा १० मिनिटं परतून घ्या," असं पाककृतींत सर्रास लिहिलेलं असतं. १० मिनिटांत यातलं काहीच धड होत नाही. बेकनमधली, म्हणजे मीठ लावून टिकवलेल्या डुकराच्या मांसाच्या पट्ट्यांमधली, चरबी पुरती सुटायला मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं लागतात. कांदा आतपर्यंत तांबूस आणि गोड व्हायला ४० ते ५०. दोन्ही एकदम कढईत घातले की कांद्याला पाणी सुटतं, त्या पाण्यात बेकन उकडत बसतं आणि पाणी आटेपर्यंत कुरकुरीत होण्याची वेळ निघून जाते. म्हणून मी आधी बेकन करते, ते बाहेर काढते, त्याच चरबीत कांदा परतते आणि बेकन अगदी शेवटी परत घालते.

चार माणसांसाठी मी २०० ग्रॅम बेकन आणि पाऊण किलो कांदे घेते. कांदा जास्त, बेकन कमी, हे मुद्दाम. बेकन खारट, धुरकट आणि चरबीचं असतं. त्याची चव पसरायला भरपूर कांदा लागतो. दुसरं कारण तब्येतीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं, आणि बेकन त्यातच येतं. ते रोज खाण्याचा पदार्थ नाही. जेव्हा करायचं तेव्हा थोड्या बेकनमध्ये मोठी कढई चवदार करायची, हे मला पटतं.

बेकन विकत घेताना पाकिटाच्या पारदर्शक बाजूने पट्ट्या नीट बघा. पोटाकडच्या मांसाच्या पट्ट्यांवर लाल आणि पांढऱ्या रेघा आलटून पालटून असतात. या कामाला तेच हवं, कारण कांदा परतायची चरबी त्यातूनच मिळणार असते. पाठीकडच्या मांसाचं बेकन, जे इंग्लंडमध्ये नाश्त्याला खातात, त्यात मांसाचा मोठा गोल तुकडा आणि कडेला चरबीची एक पट्टी असते. ते अंड्यासोबत छान लागतं, पण त्यातून चमचाभरच चरबी सुटते. चिकन बेकनमधून तर जवळजवळ काहीच सुटत नाही. ते वापरायचं असेल तर सुरुवातीलाच दोन मोठे चमचे तेल घाला आणि बेकन ५-६ मिनिटांत बाहेर काढा, नाहीतर ते चामट होतं.

पाकिटाच्या मागची घटकांची यादीही वाचा. मीठ आणि सोडियम नायट्राइट (यादीत २५० क्रमांकाने लिहिलेलं असतं) बहुतेक बेकनमध्ये असतंच. नायट्राइटमुळे घातक जंतू वाढत नाहीत आणि मांस गुलाबी राहतं. म्हणूनच बेकन पूर्ण शिजलं तरी गुलाबी दिसतं; रंग बदलण्याची वाट बघत बसलात तर करपेल. यादीत पाणी वरच्या क्रमांकावर असेल तर मांसात मिठाचं पाणी टोचून भरलेलं आहे असं समजा. असं बेकन कढईत फार उडतं आणि त्यातून पांढरा चिकट फेस येतो. तो फेस म्हणजे पाणी आणि त्यात विरघळलेली प्रथिनं. खायला त्यात काही वाईट नाही, पण तो बुडाला चिकटतो आणि पाणी आटेपर्यंत वेळ जातो. साखर किंवा मध लावलेलं बेकन या कामाला घेऊ नका. ती साखर कांदा घालायच्या आधीच जळते.

आपल्याकडे बेकन बहुधा गोठवलेलंच मिळतं. आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. मी ते पूर्ण वितळू देत नाही. अर्धवट कडक असताना सगळ्या पट्ट्या एकत्र धरून आडव्या कापल्या की दीड-दोन सेंटिमीटरचे एकसारखे तुकडे पडतात. पुरतं मऊ झालेलं बेकन सुरीखाली घसरतं आणि तुकडे लहानमोठे होतात. मग लहान जळतात आणि मोठे कच्चे राहतात. उघडलेलं पाकीट आठवड्याच्या आत संपवा. एकदा वितळलेलं बेकन तसंच परत गोठवू नका.

आता कांदा. महाराष्ट्रात वर्षभर एकच कांदा मिळत नाही, आणि या पदार्थात तो फरक चांगलाच जाणवतो. खरिपाचा लाल कांदा पाण्याने भरलेला असतो. तो लवकर मऊ होतो, पण पाणी आटायला १०-१२ मिनिटं जास्त लागतात आणि शेवटी हाताशी कमी उरतो. त्या दिवसांत मी पाऊण किलोऐवजी ९०० ग्रॅम घेते. उन्हाळ कांदा, जो चाळीत साठवून पावसाळ्यात खातो, तो घट्ट असतो. त्याचा तिखटपणा जास्त वाटला तरी सावकाश परतल्यावर तोच सर्वांत गोड लागतो. अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो मुळातच इतका सौम्य आणि गोड आहे की तो ५० मिनिटं परतणं मला उधळपट्टी वाटते. तो कच्चा, पातळ चिरून, थोडा व्हिनेगर आणि मिरपूड लावून बेकनच्या बाजूला वाढावा.

कांदा कसा चिरता याला महत्त्व आहे. शेंड्यापासून मुळाकडे, म्हणजे उभे काप काढले तर कांद्याचे धागे अखंड राहतात आणि पाऊण तास परतूनही काप दिसतो. आडव्या चकत्या केल्या तर धागे तुटतात आणि कांदा विरघळून लगदा होतो. पावावर पसरायचं असेल किंवा सूप करायचं असेल तर आडवा. अंडं, बटाटे, भात यांच्यासोबत खायचं असेल तर उभा. जाडी ४-५ मिलिमीटर ठेवा. कागदासारखे पातळ काप कडेने काळे होतात आणि मधे कच्चे राहतात. डोळ्यांतून पाणी येत असेल तर कांदे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. कांदा कापल्यावर त्यातल्या पेशी फुटतात, एक विकर (एन्झाइम) काम करू लागतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. थंडीत ती क्रिया मंदावते. सुरी धारदार हवी, कारण बोथट सुरी कापत कमी आणि चिरडत जास्त असते. चिरलेला कांदा धुवू नका. आधीच त्याच्या वजनाचा दहातला जवळजवळ नऊ भाग पाणी असतं.

भांडं मी बिडाचं वापरते, २८ सेंटिमीटर रुंद आणि पसरट. जाड बुडाचं स्टीलही चालतं. नॉनस्टिकमध्ये काम होतं, पण बुडाला तो तपकिरी थर धरत नाही, आणि या पदार्थाची अर्धी चव त्या थरात असते.

बेकन थंड कढईत घालायचं. गॅस बंद असतानाच तुकडे पसरा, वर तीन मोठे चमचे पाणी घाला आणि मग मध्यमपेक्षा थोडी कमी आच लावा. पाणी बघून पहिल्यांदा करणाऱ्याला हमखास शंका येते, पण त्याचं काम नेमकं आहे. पाणी आहे तोवर बुडाचं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, आणि त्या तापमानाला चरबी निवांत वितळते पण मांस करपत नाही. गरम कढईत थेट टाकलं तर मांसाची बाजू पटकन आक्रसते, कडा तपकिरी होतात आणि आतली चरबी पांढरी, चिवट तशीच राहते.

इथे कान द्या. पहिली ५-६ मिनिटं उकळीचा मऊ, भरलेला आवाज येतो आणि पाणी दुधाळ दिसतं. मग पाणी संपतं आणि आवाज एकदम बदलून बारीक, कोरडी तडतड सुरू होते. दुधाळपणा जाऊन चरबी स्वच्छ होते आणि तुकडे त्यात तळले जाऊ लागतात. या क्षणी आच एक पायरी कमी करा. आता दर मिनिटाला हलवा. आणखी ५-७ मिनिटांनी तुकड्यांभोवती बारीक, पांढरट फेस उठतो. फेस आला की दोन मिनिटं उरली असं समजा. तुकडे सोनेरी-तांबूस झाले, पण उचलल्यावर अजून थोडे वाकतात, अशा वेळी झाऱ्याने काढून कागदावर पसरा. बाहेर आल्यावरही ते गरम चरबीमुळे आणखी शिजतात आणि निवल्यावर कडक होतात. कढईतच कडक होईपर्यंत थांबलात तर ताटात कडवट लागतील. काळं होईपर्यंत भाजू नये याचं आणखी एक कारण म्हणजे नायट्राइट घातलेलं मांस फार कडक तापलं की त्यातून नायट्रोसामीन ही घातक द्रव्यं तयार होतात.

२०० ग्रॅमचे तुकडे शिजून साधारण ७० ग्रॅम उरतात. कढईत तीन ते चार मोठे चमचे चरबी जमा झालेली असते. ती सोनेरी आणि पारदर्शक दिसली पाहिजे. तपकिरी दिसली, धुरकट-जळका वास आला, तर तिच्यात कांदा घालू नका. कितीही कांदा घाला, तो कडूपणा जात नाही. सरळ टाकून द्या आणि तेलावर सुरुवात करा. चरबी चांगली असेल तर कांद्यासाठी दोन मोठे चमचे ठेवून बाकीची वाटीत काढा. पाऊण किलो कांद्याला एवढी पुरते. सगळी ठेवली की कांदा तुपकट होतो आणि निवल्यावर टाळूला चिकटतो.

बुडाला आता तपकिरी थर असेल. तो घासू नका, भांडं बदलू नका. सगळा कांदा एकदम घाला. कढई काठोकाठ भरलेली वाटेल, तरी चालेल. पाव छोटा चमचा मीठ घाला, त्याहून जास्त नाही. हे मीठ चवीसाठी नसून कांद्याला पाणी सुटण्यासाठी आहे. उलटून पालटून सगळ्या कापांना चरबी लावा, झाकण ठेवा, मध्यम आच. ८-१० मिनिटांनी झाकण काढलं की कांदा निम्मा खाली बसलेला आणि तळाशी पाणी साचलेलं दिसतं. आता सपाट लाकडी उलथन्याने बूड खरवडा. बेकनचा सगळा तपकिरी थर त्या पाण्यात सुटून येतो आणि पांढरा कांदा बघता बघता फिकट तपकिरी होतो. हा कांद्याचा स्वतःचा रंग नाही, बेकनचा आहे. इथे थांबून "झाला तांबूस" म्हणणारे पुष्कळ असतात. खाऊन बघा, आतून कांदा अजून उग्रच असतो.

झाकण आता परत ठेवायचं नाही. मध्यम आचेवर १०-१५ मिनिटं पाणी आटू द्या. जोवर पाणी आहे तोवर कांदा फक्त शिजतो. रंग आणि भाजका गोडवा येतो तो कांद्यातली साखर आणि अमिनो आम्लं यांच्या क्रियेतून, आणि ती जोरात चालते साधारण १४० अंशांच्या आसपास, म्हणजे पाणी गेल्यावरच. म्हणून पहिल्या २५ मिनिटांत काहीच घडत नाही असं वाटतं आणि पुढच्या १५ मिनिटांत सगळं घडतं. घाईने आच वाढवण्याचा मोह याच टप्प्यावर होतो. वाढवली तर कडा काळ्या होतात, मधला भाग पिवळाच राहतो, आणि काळ्या कडांचा कडूपणा संपूर्ण कढईत उतरतो.

पाणी आटलं की आच मंद करा. सतत ढवळू नका. दर दोन-तीन मिनिटांनी एकदा पुरे. कांदा बुडाला टेकून राहिला तरच रंग धरतो. बुडाला पुन्हा तपकिरी थर बसला की दोन मोठे चमचे पाणी शिंपडा, खरवडा, मिसळा, पुन्हा सोडून द्या. असं तीन-चार वेळा करावं लागतं. प्रत्येक वेळी रंग एक छटा गडद होतो: आधी गवती पिवळा, मग मधासारखा, मग जुन्या तांब्याचा. थर तपकिरी असेपर्यंत तो चव आहे; काळा झाला की जळका. दोन्हींत एखाद-दीड मिनिटाचंच अंतर असतं, म्हणून शेवटच्या १० मिनिटांत गॅसपासून हलू नका.

आपल्याकडे बिर्याणीसाठी कांदा भरपूर तेलात तळून कुरकुरीत करतात, त्याला बरिस्ता म्हणतात. तो वेगळा प्रकार. तिथे पाणी झटकन उडवून काप कोरडे करायचे असतात, इथे कांदा स्वतःच्या पाण्यात आधी मऊ करून मग त्याची साखर भाजायची असते. बरिस्ता केलेला कांदा बेकनमध्ये घातला तर दोन्ही कुरकुरीत आणि दोन्ही तेलकट होतात. तोंडाला फरकच कळत नाही.

साखर घालून कांदा लवकर तांबूस करण्याची युक्ती मी टाळते. वरून घातलेली साखर आधी जळते आणि गोडी एकसुरी येते. खाण्याच्या सोड्याची चिमूट मात्र खरंच काम करते. सोड्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, रंग लवकर येतो, १०-१५ मिनिटं वाचतात. पण कांद्याचा पार लगदा होतो आणि चिमटीपेक्षा जास्त पडला तर साबणासारखी चव येते. पावावर पसरायचं असेल तरच सोडा. व्हिनेगर किंवा लिंबू शेवटी घाला, सुरुवातीला नाही. आंबटामुळे कांदा मऊ व्हायला वेळ लागतो आणि रंगही उशिरा येतो. लसूण हवी असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत, ताजी भरडलेली मिरपूड गॅस बंद केल्यावर.

आता बेकनचे तुकडे परत घाला, एकदा वरखाली करा आणि एका मिनिटात उतरवा. आधी घातले की मऊ पडतात. चव बघा ती याच वेळी. मीठ बहुतेक वेळा लागत नाही. खारट झालंच तर कच्चा बटाटा टाकून मीठ "शोषून" घेण्याच्या भरवशावर राहू नका. बटाटा खारट पाणी पितो, पण उरलेल्याचा खारटपणा तेवढाच राहतो. भर वाढवा: बिनमिठाचा भात, उकडलेले बटाटे, किंवा वेगळा परतलेला कांदा.

हीच कढई पुढे कुठेही जाते. मुठीएवढे चार बटाटे उकडून, फोडी करून, वाटीत काढून ठेवलेल्या चरबीत खरपूस परतले आणि वर हा कांदा घातला की जेवण होतं. पोलंडमध्ये बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या पियेरोगींवर असाच परतलेला कांदा आणि बेकनचे तुकडे घालतात. इंग्लंडमध्ये कलेजीसोबत हीच जोडी येते. टिकाऊ करायचं असेल तर तयार मिश्रणात दोन मोठे चमचे किसलेला गूळ, दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि पाव वाटी पाणी घालून १५ मिनिटं मंद आचेवर आटवा. इथे बेकन मऊ पडलं तरी चालतं, किंबहुना तेच हवं. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. बाहेर ठेवू नका. गूळ-व्हिनेगरमुळे ते लोणच्यासारखं टिकेल असं वाटतं, पण त्यात मांस आहे.

एका ठिकाणी मात्र हा सगळा क्रम बाजूला ठेवावा लागतो. फ्रान्समधल्या अल्सास भागात तार्त फ्लांबे करतात: पापडासारखी पातळ लाटलेली पोळी, त्यावर ताजं मऊ चीज आणि साय यांचा थर, वर कच्चा कांदा आणि बेकनच्या काड्या. पाव भाजण्याआधी लाकडाच्या भट्टीची आच जोखायला ती आत सरकवायची पद्धत होती. त्या आचेत ती काही मिनिटांत होते, त्यामुळे आधी परतलेला कांदा तिथे जळून जाईल. घरच्या ओव्हनमध्ये २५० अंशांवर ८-१० मिनिटं लागतात. कांदा एक-दोन मिलिमीटरचा, जवळजवळ आरपार दिसेल असा चिरावा. चीजऐवजी १५० ग्रॅम चक्का आणि तीन मोठे चमचे साय चालते. बेकन मात्र दोन-तीन मिनिटं परतून घ्या, कारण घरच्या ओव्हनची आच तेवढी नसते आणि कच्च्या बेकनचं पाणी पोळी ओली करतं.

गोव्याच्या चोरिसालाही, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजलाही, पाण्याची हीच युक्ती लागू पडते. आवरण काढून तुकडे कढईत घालायचे, अर्धी वाटी पाणी ओतायचं आणि पाणी आटून लाल चरबी सुटेपर्यंत थांबायचं. तेल नको, मीठ नको, व्हिनेगर आणि मिरची आत आहेतच. फरक कांद्यात आहे. इथे तो जाड चिरून चोरिसातच घालतात आणि ७-८ मिनिटांत उतरवतात, म्हणजे दाताखाली थोडा करकर लागतो. पावाबरोबर खाताना त्या आंबट-तिखट मसाल्याला हा अर्धकच्चा कांदाच शोभतो. तांबूस गोड कांदा तिथे जड होतो.

उरलेली चरबी बारीक गाळणीतून, शक्य असेल तर मलमलच्या फडक्यातून गाळून काचेच्या बरणीत भरा. तळाशी राहिलेले मांसाचे कण तिला लवकर खवट करतात. फ्रीजमध्ये दोन महिने सहज टिकते. बटाटे, कोबी, अंडी यांना चमचाभर पुरते. ती थोडी खारट असते हे लक्षात ठेवून मीठ घाला, आणि तळणीला वापरू नका, साधारण १९० अंशांना धूर येऊ लागतो. गरम असताना मोरीत तर मुळीच ओतू नका. पुढे नळीत गोठून ती तुंबते. टाकायचीच असेल तर वाटीत गोठू द्या आणि कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका. बिडाची कढई कोमट असतानाच गरम पाण्याने, घासणीने हलकी घासा, गॅसवर कोरडी करा आणि कागदाने त्यातल्याच चरबीचा पातळ हात फिरवून ठेवा.